जागेचे नियम

चिमणी कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, मापावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी, हिरडीत एकेक दात बसवायचा, आणि मेण सारखं करायला हाताशी स्पिरिटचा दिवा. पन्नाशी उलटली होती, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढत होता, कामावरच्या मुली तिला मॅडम म्हणायच्या. पण थोरल्या भावासाठी ती अजून चिमणीच होती, आणि रविवारी दुपारी त्याचा जिना चढताना तिलाही तसंच वाटायचं.

रविवारी दादाकडे खेळ असायचा. पत्त्यांचा नाही, सोंगट्यांचा नाही. हा खेळ बोलण्याचा. टेबलावर एक नकाशा, कागद-पेन्सिली, मूठभर फासे. एकाने जग सांगायचं: समोर दरी आहे, पूल तुटलाय, पलीकडे धूर दिसतोय. बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीने सांगायचं, मी अमुक करतो. जमलं की फसलं ते फासे ठरवायचे. पण मुळात ते करता येतं की नाही, हे जग सांगणाऱ्याच्या हातात. जग सांगणारा अर्थातच दादा. चौतीस वर्षं त्याने जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर खऱ्या जमिनी संपल्या, म्हणून तो नसलेल्या जमिनींचे नकाशे काढू लागला, आणि तेही अगदी प्रमाण धरून, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढून.

खेळायला तिघं. एक टेलर, दादाचा शाळेपासूनचा मित्र. दुसऱ्या होत्या पोस्टातल्या बाई. त्यांना सगळे पोस्टबाईच म्हणत. आणि तिसरी चिमणी. प्रत्येकाच्या पात्राला एकेक शक्ती होती. टेलरचं पात्र दगड-माती हलवायचं. पोस्टबाईंच्या हुकमात वारा. चिमणीकडे आग. पाणी मात्र कोणालाच दिलं नव्हतं. "पाणी माझ्याकडे," दादा म्हणायचा. "तुम्हाला अडवायला कोणीतरी नको का?"

आणि अडवण्यात दादाचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका जाड वहीत त्याने आपल्या छापील वाटाव्या अशा अक्षरात ‘जागेचे नियम’ लिहून ठेवले होते. होडीत बसल्यावर टेलरची शक्ती बंद, कारण पायाखाली जमीन नाही. वाळूत अर्धी. जिथे फट नाही अशा बंद खोलीत पोस्टबाईंना वारा मिळणार नाही. भुयारात आग लावली तर दर फेरीला तिथली हवा कमी होणार, आणि ती सगळ्यांच्या वाटणीची कमी होणार. पाण्याखाली आग नाही. हा शेवटचा नियम दोनदा अधोरेखित केलेला, कारण चिमणी त्यावर दर दोन-चार महिन्यांनी हल्ला चढवायची.

"तेलात भिजवलेला बोळा असेल तर?"

"विझतो."

"कळीचा चुना? तो तर पाण्यात पडला की उकळायला लागतो."

यावर दादाने आठवडाभर विचार केला होता. पुढच्या रविवारी चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "चुन्याने पाणी तापेल. आग लागणार नाही. टाक फासा, तुझा हात किती भाजला ते बघू."

"बरं, पोस्टबाईंनी हवेचा बुडबुडा धरला तर?"

"तीन फेऱ्या. त्यात आग सगळी हवा खाऊन टाकेल. आणि त्याच बुडबुड्यात तुम्ही दोघी पण आहात, हे विसरू नकोस."

अशी अकरा वर्षं. टेलर म्हणायचा, या बहीण-भावाचं भांडण बघायलाच मी येतो, खेळ आपला तोंडी लावायला.

तो रविवार आला तेव्हा त्यांची मंडळी तळ्याच्या तळाशी बुडालेल्या शहरात उतरली होती. नकाशा दादाने महिनाभर खपून काढलेला. निळ्या रंगाचे सात-आठ हात दिलेले, मध्यभागी काळसर. शहराचा दरवाजा आतून अडकवलेला होता. टेलरने दगड सरकवून पाहिले, फासा पडला एक. सगळे अडले. चिमणीने सवयीप्रमाणे, अगदी नुसती खोडी काढायची म्हणून सांगून टाकलं, "मी आग लावते. दरवाजाच जाळते." आणि ‘नाही’ ऐकायच्या तयारीने पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

"लागली," दादा म्हणाला. "लाकूड जुनं आहे. धडाधड पेटतंय."

टेलरने टेबलावर थाप मारली. "अकरा वर्षांनी सरकार नमलं," तो म्हणाला. पोस्टबाई हसायला लागल्या. चिमणीही हसली. जिंकल्यासारखं वाटलं तिला, खोटं कशाला सांगा. दादा रंगात येऊन सांगत होता: ज्वाळा कमानीपर्यंत गेल्यात, धूर वर चढतोय, छताखाली साठतोय, ठिणग्या तुमच्या कपड्यांवर उडतायत.

ठिणग्या म्हटल्यावर चिमणीचं हसू तोंडातच राहिलं. तिने दादाकडे पाहिलं. तो गंमत करत नव्हता. गंमत करताना त्याची डावी भुवई वर जायची. ती जागची हलली नव्हती. तिने नकाशावरच्या निळ्या रंगावर बोट ठेवलं. दादाने त्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "काय झालं? पेन्सिल हवीये का?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. वहिनी ओट्यापाशी कप विसळत होती. चिमणीने पाण्याचा ग्लास भरून घेतला आणि प्यायलीच नाही.

"वहिनी, दादाला बरं आहे ना?"

वहिनीने नळ बंद केला नाही. पाठमोरीच म्हणाली, "तुलाही कळलं तर."

मग सगळं बाहेर आलं. चार महिन्यांपासून चाललं होतं. रिकामं पातेलं गॅसवर ठेवून दादा अंघोळीला गेला होता. बँकेत सही करताना मधलं अक्षर सुचेना म्हणून तसाच परत आला होता. एकदा दुसऱ्याच इमारतीचा जिना चढून तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला आपली किल्ली लावत बसला होता; त्या घरातल्या माणसाने आणून सोडलं. वहिनीने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की खरं होईल असं तिला वाटत होतं.

डॉक्टरांकडे दोघी त्याला घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी दादाला महिना विचारला, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग कोरा कागद पुढे केला: "तुमच्या घरापासून इथपर्यंतचा रस्ता काढून दाखवता का?" दादाचा चेहरा खुलला. हे त्याचं काम. त्याने पट्टी मागितली, खुर्ची पुढे ओढली आणि पंधरा मिनिटं मान वर केली नाही. डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि ते खरंच थक्क झाले. "किती सुरेख," ते वहिनीला म्हणाले. "दिशासुद्धा दाखवलीये."

चिमणीने वाकून पाहिलं. तळं होतं, तळ्याकाठची उतरण होती, कमान होती. नकाशा बिनचूक होता. फक्त त्या बुडालेल्या शहरात त्यांच्यापैकी कोणी राहत नव्हतं.

निदान काय होणार ते तिला तिथेच कळलं. नंतरच्या तपासण्यांनी त्याला नाव दिलं, एवढंच.

टेलरला आणि पोस्टबाईंना तिने फोनवर सांगितलं. टेलर म्हणाला, "तो म्हणेल त्याला हो म्हणायचं. आपलं काय जातंय?" तिघांनी तसं ठरवलं. पुढचे काही रविवार त्या जगात अडचण म्हणून उरली नाही. होडीतून टेलरने डोंगर उभे केले. बंद तिजोरीत पोस्टबाईंचं वादळ घोंघावलं. भर पावसात, बर्फात, पाण्यात चिमणीची आग लागत गेली. जे मागितलं ते मिळालं, आणि कोणालाच काही मागावंसं वाटेना. पोस्टबाई घड्याळाकडे बघू लागल्या. त्या जगात चालताना आता पायाला जमीन लागत नव्हती.

पाचव्या की सहाव्या रविवारी दादाने वही मिटली.

"तुम्ही मला फसवताय," तो म्हणाला.

"काहीतरीच काय," टेलर म्हणाला.

"कोणी भांडत नाहीये. ही," त्याने चिमणीकडे हात केला, "ही भांडल्याशिवाय एक रविवार गेलेला नाही. आता मान डोलावते. मी दरबारात बसलोय का?" मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "चिमणे, माझं काय चुकतंय? तू सांग. हे दोघं नाही सांगणार."

तिने सांगितलं. तळ्याखाली आग लागली ते सांगितलं, डोंगर आणि वादळ सांगितलं, डॉक्टरकडचा नकाशा सांगितला. टेलर खाली बघत शर्टाच्या बटणाशी चाळा करत होता. दादाने सगळं ऐकून घेतलं, मोजणीच्या तक्रारी ऐकायचा तसं, मध्ये एकदाही न अडवता.

"म्हणजे माझ्याकडून नियम सुटतायत."

"हो."

"मग तू चालव." त्याने वही तिच्याकडे सरकवली. "मी खेळतो. तुझी आग मला दे. पण एक ऐक. दया करायची नाही. पाण्यात आग लागत नाही म्हणजे नाही. मी कितीही म्हटलं तरी. बाहेर सगळं सुटत चाललंय माझ्या हातून. इथे तरी काही पक्कं असू दे. देतेस शब्द?"

तिने शब्द दिला. द्यायला काही जड गेलं नाही. त्या वेळी तो पुरता शुद्धीवर होता, तिचा दादा होता, आणि त्याला नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

सुरुवातीचे महिने बरे गेले, खरं तर फार चांगले गेले. चिमणी जग सांगायची. तिला त्याच्यासारखं सांगता येत नव्हतं, दऱ्या आणि पूल यांच्यापलीकडे तिची धाव जात नव्हती, पण नियम ती धरून ठेवायची. दादा खेळायला बसला की तिला वाटे, समोर आपणच बसलोय. "तेलाचा बोळा?" तो विचारायचा. "विझतो," ती सांगायची. "हा अन्याय आहे," तो म्हणायचा आणि त्याची डावी भुवई वर जायची. त्या दुपारी घरी जाताना तिला वाटायचं, काही बिघडलेलं नाही, डॉक्टर उगाच घाबरवतात.

पण आजार काही तिच्या वाटण्यावर थांबला नाही. हिवाळ्यापर्यंत दादाला फासे मोजता येईनासे झाले. पोस्टबाई त्याच्या वतीने मोजू लागल्या. घरातही एकेक गोष्ट बंद होत गेली. वहिनीने गॅसची बटणं काढून कपाटात ठेवली. दाराला वरची कडी बसवली. दाढीचं पातं गेलं, काडेपेटी गेली, एकट्याने खाली जाणं तर केव्हाच गेलं. सगळं त्याच्या भल्यासाठीच. दादा दिवसभर दारापाशी जाऊन कडी चाचपायचा आणि परत येऊन खुर्चीत बसायचा.

खेळात आता तो एकच गोष्ट करायचा. जागा कुठलीही असो, म्हणायचा, "मी आग लावतो." कोरड्या माळावर असले तर चिमणी खुशाल हो म्हणायची. पण ते तळं ओलांडल्याशिवाय गोष्ट पुढे जात नव्हती, आणि तळ्यात उतरले की तिला नाही म्हणावं लागायचं. दादा विसरायचा आणि पुन्हा विचारायचा. एका दुपारी त्याने चार वेळा विचारलं. चार वेळा तिने सांगितलं, "पाणी आहे दादा, सगळीकडे. नाही लागत."

चौथ्या वेळी वहिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"एकदा हो म्हण ना. खेळच आहे."

"त्याने माझ्याकडून शब्द घेतलाय, वहिनी. दया करू नको म्हणाला."

"ज्याने घेतला तो कुठे आहे आता?" वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला दिवसभर नाही म्हणावं लागतं त्याला. दार उघडू का, नाही. खाली जाऊ का, नाही. चहा मी करू का, नाही. रविवारी तरी कोणीतरी त्याला हो म्हणेल असं वाटतं मला. तर तूही नाहीच म्हणतेस, आणि वर वहीतलं वाचून दाखवतेस."

आठवडाभर काम करताना चिमणीच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. एका कवळीत तिने दात उलटे बसवले आणि ती पुन्हा केली. शब्द मोडला तर त्या दिवशीच्या दादाशी बेइमानी, ज्याने डोळ्यांत डोळे घालून मागितलं होतं. पाळला तर या दादावर जुलूम, ज्याला मागितल्याचं आठवतही नाही. दोघंही तिचेच. मधे बसवायला तिच्याकडे कुठलाच नियम नव्हता.

पुढच्या रविवारी ती गेली तेव्हा काही ठरवलेलं नव्हतं. दादाची दाढी कोणीतरी अर्धवट केलेली होती. विचारल्यावर कळलं की टेलर लवकर येऊन प्रयत्न करत बसला होता. खेळ सुरू झाला. पाण्यात उतरले. दादाने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"मी आग लावतो."

"नाही दादा. पाणी आहे."

तो थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, लहान मुलाच्या येतं तसं, पण चेहरा वेडावाकडा न होता.

"मला कोणी काहीच करू देत नाही," तो म्हणाला. "मी काय केलंय?"

पोस्टबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. चिमणीने वही मिटली. मिटली म्हणजे नुसतीच नाही, मांडीवरून खाली जमिनीवर ठेवली.

"लागली, दादा," ती म्हणाली. "बघ ना, लागली. मोठी लागली."

"लागली?"

"हो. दरवाज्यापाशी लाल झालंय सगळं. पाणी हटत नाहीये आणि आग विझत नाहीये. मासे लांब पळालेत. कमान दिसायला लागली आता, शहर दिसायला लागलं पार मागच्या घरांपर्यंत." तिला एवढं सांगता येतं हे तिलाच माहीत नव्हतं. टेलर उठून गॅलरीत गेला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला.

दादा ऐकत होता. डोळे पुसायचं त्याला सुचलं नव्हतं. ऐकून झाल्यावर त्याने मान हलवली, "बरं झालं," म्हणाला, आणि बशीतलं बिस्किट उचलून चहात बुडवलं. ते विरघळून खाली पडलं, तेव्हा तो चमच्याने काढत बसला आणि आगीबद्दल पुन्हा काही बोलला नाही.

जिना उतरताना टेलर म्हणाला, "बरं केलंस."

"माहीत नाही," चिमणी म्हणाली. तिला वाटत होतं की आज आपण दादाला निरोप दिला आणि तो त्याला कळलाही नाही. घरी जाऊन ती चपला न काढता पलंगावर बसून राहिली.

त्यानंतर खेळ झाला नाही. म्हणजे तिघं जात राहिले, दर रविवारी, पण फासे काढले नाहीत. दादा खुर्चीतून पलंगावर गेला. पोस्टबाई त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, टेलर दाढी करायला हळूहळू शिकला. एकदा दादाने चिमणीला विचारलं, "तुम्ही कुठून आलात?" तिने आपला पत्ता सांगितला. "लांब आहे," तो आदराने म्हणाला. दीड वर्षाने न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत आटोपलं.

महिनाभराने चिमणी वहिनीकडे गेली, रविवारीच. वहिनीने दाराची वरची कडी काढून टाकली होती. लाकडात चार भोकं राहिली होती. टेबल भिंतीला सरकवलेलं. दोघी चहा घेऊन बसल्या. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं.

"तुमच्या त्या खेळात तो कसा होता गं?" वहिनीने विचारलं. "मला आतून नुसतं हसणं ऐकू यायचं."

चिमणी सांगू लागली. चुन्याचं सांगितलं, बुडबुड्याचं सांगितलं, टेलर होडीत बसून हताश झाला होता ते सांगितलं. आपण त्याचा आवाज काढतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि तो हुबेहूब निघतोय हेही. वहिनी हसली, मग गप्प झाली, मग पुन्हा हसली. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं तरी दोघी उठल्या नाहीत.

"एवढं सगळं पलीकडच्या खोलीत चालायचं," वहिनी म्हणाली. कपाच्या कडेवरून ती बोट फिरवत होती. "आणि मला कधी कोणी विचारलंच नाही, येतेस का म्हणून. त्यानेही नाही."

"तुम्हाला आवडेल असं वाटलं नाही, वहिनी," चिमणी म्हणाली.

वहिनीने मान हलवली. मग दोन्ही कप उचलून ती आत गेली, आणि चिमणीला नळाचा आवाज ऐकू आला.